केरबाच्या दारापुढचा रस्ता

सावरखेड गावात, खालच्या आळीत, केरबा म्हणून एक भोळा माणूस राहायचा. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायचा आणि लग्नाकार्याला विकायचा. पत्रावळ सुबक, माणूस सरळ. इतका सरळ, की सांगणाऱ्यानं जपून सांगावं. एकदा बायको म्हणाली, "मी विहिरीवर जाऊन येते, तोवर जरा निरांजनाकडे बघा." हा निरांजनाकडे बघत बसला. शेजारी नैवेद्याचं दूध होतं, ते मांजरानं सावकाश संपवलं. बायको आल्यावर म्हणाला, "निरांजन छान तेवतंय. मांजराचं तू काही बोलली नव्हतीस."

बायकोचं नाव सगुणा. नेमाधर्माची, उपासतापासाची. नवऱ्याचा तिला राग येत नसे. "वाकडं असं काही नाही त्यांच्यात," म्हणायची. मग मांजराला चार शब्द सुनावायची.

सगुणेच्या मनात एकच गोष्ट होती. गावदेवी जानाईची पालखी चैत्री पौर्णिमेला साऱ्या गावातून फिरे, आळीआळीत जाई, दारोदारी औक्षण घेई. फक्त खालच्या आळीच्या तोंडाशी आली की दुसरीकडे वळे. का वळे? आळीत बारा महिने गटाराचं पाणी. पालखीचे भोई अनवाणी. देवीला घेऊन त्या पाण्यात कोण उतरणार? मग आळीतल्या बायका ताटं घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहत आणि टाचा उंच करून पालखीची पाठ बघत. सगुणेनं मंगळवार धरले. मागणं काय केलं? सोनं नको, नाणं नको. पालखी एकदा माझ्या दारी येऊ दे.

आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं दवंडी दिली. खालच्या आळीत रस्ता होणार. चांगला लाल-करड्या ब्लॉकचा.

सगुणेनं देवापुढे साखर ठेवली. साखरेला मुंग्या लागायच्या आत नोटीस आली.

नोटिशीत लिहिलं होतं की रस्ता नगरपालिका करील आणि पैसे दारवाले देतील. ह्याला सुधार आकार म्हणतात. ज्याच्या घराची जितकी लांबी रस्त्याला, तितका त्याचा आकार. अर्धा रस्ता ह्या बाजूच्या घराचा, अर्धा त्या बाजूच्या. पौर्णिमेच्या आधी पैसे आले तर रस्ता पौर्णिमेच्या आधी होईल. जो भरणार नाही, त्याच्या दारापुढचा तुकडा तसाच सोडला जाईल.

आळी शहाणी होती. टोकाच्या सराफांच्या घराला दोन बाजूंनी रस्ता होता. त्यांनी ह्या रस्त्यावर लिहून दिलं की आमचं तोंड मागच्या रस्त्याला आहे. मागच्या रस्त्याच्या वेळी लिहून दिलं होतं की आमचं तोंड पुढच्या रस्त्याला आहे. बिचाऱ्यांना दोन रस्ते असून तोंड एकही नव्हतं.

केरबाच्या घरासमोर अप्पासाहेबांचं गोदाम होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती भिंत. दार नाही, खिडकी नाही. नगरपालिकेच्या सभेनं ठरवलं की जिला दार नाही त्या भिंतीला रस्त्याचा काही लाभ नाही, म्हणून तिला आकारही नाही. तो अर्धा समोरच्या घरानं द्यावा. अप्पासाहेब गावचे नगराध्यक्ष होते. स्वतःचा विषय असल्यामुळे ते सभेत एक शब्द बोलले नाहीत. नुसता हात वर केला.

समोरचं घर म्हणजे केरबाचं. त्याच्या माथी अख्खा रस्ता आला.

नोटीस घेऊन केरबा नगरपालिकेत गेला. तिथे तावरे भाऊसाहेब म्हणून कारकून होते.

"भाऊसाहेब, हे आम्ही का द्यायचं?"

"अरे, लाभ कुणाला होणार रस्त्याचा? तुलाच ना? ज्यानं लाभ घ्यायचा, त्यानं आकार द्यायचा."

"आणि लाभ घेतला नाही तर?"

तावऱ्यांना जेवायला उशीर होत होता. "मग नको देऊस," ते म्हणाले.

केरबानं मान डोलावली. गोष्ट मनात पक्की धरली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. पण बाजाराला तर जायचं होतं. मग काय केलं? पत्रावळींचा भारा डोक्यावर घेतला आणि परसातला गडगा चढून शेजारच्या गोदाक्काच्या स्वयंपाकघरात उतरला. गोदाक्का ताक घुसळत होती.

"कोण ते?"

"मी केरबा. बाजाराला चाललोय."

"माझ्या चुलीवरून?"

"रस्त्याचा लाभ घ्यायचा नाही म्हणून."

तिथून तो पुढच्या घरात गेला. तिथं पाहुणे जेवत होते. पंगतीच्या मधून, "बसा, बसा, उठू नका," म्हणत गेला. त्याच्या पुढच्या घरात सूनबाई न्हात होती. तिथं मात्र आरडाओरडा झाला आणि पत्रावळींचा भारा न्हाणीत पडला.

संध्याकाळी गोदाक्का सगुणेकडे आली. "सगुणे, तुझ्या नवऱ्याला सांग. माझ्या ताकात पळसाची पानं सापडली."

सगुणेनं केरबाला समोर बसवलं. "अहो, असं कुणाच्या घरातून जाऊ नये."

"भाऊसाहेबच म्हणाले."

"काही म्हणू देत. कुणाच्या दारी गेलं तर बाहेर उभं राहावं. आत कोण आहे का म्हणून विचारावं. या, बसा म्हटलं तरच आत जावं. नाहीतर उभंच राहावं. हीच रीत असते. आणि उद्या नगरपालिकेत हरकती ऐकणार आहेत, तिथं जा. गोदामवाल्याचा अर्धा आम्ही का द्यायचा, एवढंच विचारा."

"बरं," केरबा म्हणाला. गोष्ट मनात पक्की धरली.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून नगरपालिकेच्या दारात उभा राहिला. "आहे का कुणी आत?" असं विचारलं. आत पुष्कळ लोक होते. कुणी म्हणालं, "बाजूला हो." कुणी म्हणालं, "वाट अडवू नको." पण "या, बसा," असं कुणी म्हणालं नाही. सरकारी कचेरीत ते कोण म्हणणार? केरबा उभाच राहिला. आत हरकती ऐकून झाल्या. सराफ आले, बोलले, गेले. चहा झाला. ऊन खाली उतरलं. तावरे भाऊसाहेब कुलूप लावायला बाहेर आले.

"काय रे, इथं काय करतोस?"

"हरकत आहे माझी."

"आता? वेळ संपली. तू आला नाहीस म्हणजे तुझी काही हरकत नाही, असं लिहून झालं."

"मी तर सकाळपासून आलोय."

"मग आत का नाही आलास?"

"या, बसा, असं कुणी म्हणालं नाही."

तावऱ्यांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "केरबा, असं दारात मान खाली घालून उभं राहिलं की माणूस दिसतच नाही रे. सरळ आत घुसायचं. टेबलावर हात आपटायचा. मोठ्या आवाजात म्हणायचं, माझं म्हणणं नोंदवून घ्या. मग ऐकतात. कळलं?"

"कळलं. पुढच्या खेपेला तसंच करीन."

घरी आल्यावर त्यानं झालं ते सगळं सांगितलं. सगुणेनं ऐकून घेतलं. मग उठली, देवापुढे वात लावली. "जानाईच्या मनात असेल तर होईल," म्हणाली. "पैसे अख्खे भरावे लागतील. भरू. आज मंगळवार आहे. तुम्ही नैवेद्य घेऊन देवळात जा आणि आईला आपलं मागणं सांगून या."

देवळात आरतीची वेळ. गाभाऱ्यात शिदू गुरव डोळे मिटून घंटा वाजवत होता. केरबा आला. दारात उभा राहिला नाही. सरळ आत घुसला. देवीपुढच्या चौरंगावर हात आपटला. नारळ गडगडत नंदादीपापर्यंत गेला. कुंकवाची वाटी उडाली ती गुरवाच्या तोंडावर.

"माझं म्हणणं नोंदवून घ्या," केरबा मोठ्या आवाजात देवीला म्हणाला. "पालखी आमच्या दारी आली पाहिजे."

गुरवानं डोळ्यांतलं कुंकू पुसलं. "केरबा, ही काय नगरपालिका वाटली तुला?"

"तिथं असंच करायचं असतं म्हणाले. मग मला वाटलं, इथं काम मोठं आहे, इथंही करावं."

"देवापुढं आवाज चढवायचा नसतो, बाबा. हात जोडायचे. डोळे मिटायचे. जे काही आणलं असेल ते पुढ्यात ठेवायचं, सांभाळून घे म्हणायचं आणि मागं वळून न बघता घरी जायचं. दिलेल्याचा हिशेब मागायचा नाही."

केरबाला पटलं. त्यानं नारळ उचलून जागेवर ठेवला आणि गोष्ट मनात पक्की धरली. देवीनं मात्र त्याचं म्हणणं ऐकलं असावं. एवढ्या जवळून आणि एवढ्या मोठ्यानं तिला सहसा कुणी सांगत नाही.

पैसे भरायचा शेवटचा दिवस आला. सगुणेनं दुभती शेळी विकली. थोडे डब्यातले घातले. सगळ्याची फडक्यात पुरचुंडी बांधली आणि केरबाच्या हातात दिली. "नीट जा. हे गेले तर आपल्या दारापुढचा तुकडा राहील आणि पालखी पुन्हा कोपऱ्यावरून वळेल."

केरबा नगरपालिकेत गेला. खजिनदाराच्या खिडकीपुढे उभा राहिला. हात जोडले. डोळे मिटले. पुरचुंडी पुढ्यात ठेवली. "सांभाळून घे," म्हणाला. खिडकीला डोकं टेकवलं आणि निघाला. मागून शिपाई ओरडला, "ओ, नाव काय? पावती?" केरबानं मागं वळून बघितलं नाही. पायरीवर ठेच लागली तरी बघितलं नाही.

"पावती कुठाय?" घरी सगुणेनं विचारलं.

"दिलेल्याचा हिशेब मागायचा नसतो."

सगुणा तशीच उठली. डोक्यावर पदर घेतला, पायांत चपला घातल्या आणि नगरपालिकेची वाट धरली. मागून केरबा. वाटभर ती देवीचं नाव घेत होती. तो कुणाला काही न बोलता चालत होता, कारण त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

कचेरीत पुरचुंडी टेबलावर मधोमध होती. तिच्या भोवती खजिनदार, शिपाई आणि तावरे भाऊसाहेब उभे होते. पुरचुंडी एकानं बघितली असती तर केव्हाच गेली असती. दोघांनी बघितली असती तर अर्धी अर्धी गेली असती. तिघांनी एकदम बघितली आणि तिघांचा भाग नीट पडेना, म्हणून ती जागेवर राहिली. देव असा कुठल्याही वाटेनं येतो.

"आमची आहे ती, भाऊसाहेब," सगुणा म्हणाली. "गाठ मारलीय ती बघा. गाठीला मंगळसूत्राच्या काळ्या पोतीचा तुकडा बांधलाय."

तावऱ्यांनी गाठ बघितली. पैसे मोजले. पावती फाडली. मग केरबाला जवळ बोलावलं.

"केरबा, तुला शेवटचं सांगतो. पैसे दिले की बदल्यात मिळतं ते लगेच ताब्यात घ्यायचं. आपण मोल दिलेली वस्तू उघड्यावर लोकांच्या भरवशावर टाकून जायची नाही. उचलायची आणि घरात नेऊन नीट ठेवायची. कळलं?"

केरबानं पावती घडी करून छातीशी धरली. "हे कळलं, भाऊसाहेब," तो म्हणाला. "हे अगदी कळलं."

रस्ता झाला. कसा झाला म्हणाल, तर पाटासारखा झाला. लाल ओळ, करडी ओळ, पुन्हा लाल ओळ. गटार बाजूला गेलं. आळीतल्या बायका संध्याकाळी उगाच ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागल्या.

अप्पासाहेबांनी फीत कापली आणि भाषण केलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, हा रस्ता नगरपालिकेचा नाही. हा रस्ता तुमचा आहे. तुमच्या कष्टाच्या पैशानं झाला आहे. त्याला जपा."

केरबानं गोदाक्काला हळूच विचारलं, "खरं म्हणतायत?"

"पैसे आपले गेले म्हणजे आपलाच की," गोदाक्का म्हणाली.

त्या दिवसापासून केरबाचा जीव खालीवर होऊ लागला. आपला रस्ता. अख्खा, दोन्ही बाजूंचा. आणि त्याच्यावरून कोण जातं? ज्यांना तोंड नाही ते सराफ जातात. गोदामाच्या ट्रॉल्या जातात. एक जण तर पान थुंकून गेला. केरबा ओल्या फडक्यानं पुसून काढी आणि लोक पुन्हा पाय देऊन जात.

चैत्री पौर्णिमा उजाडली. ह्या वेळी पालखी खालच्या आळीतून पुढे जाऊन, आळीच्या पलीकडे अप्पासाहेबांच्या बंगल्यावर थांबणार होती. तिथं मांडव घातला होता. जिल्ह्याचे पाहुणे बोलावले होते. सगुणा पहाटेच आळीतल्या बायकांबरोबर पालखी आणायला देवळात निघाली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज देवी आपल्या दारी येणार. घर नीटनेटकं करा. आपल्याकडे जे काही चांगलं आहे ते आत मांडून ठेवा."

"बरं," केरबा म्हणाला.

त्यानं घर झाडलं. मग आपल्याकडे चांगलं काय आहे ते बघू लागला. भांडी पोचे आलेली. चटई विरलेली. माजघराची जमीन पोपडे धरलेली. चांगली वस्तू एकच होती, नवी कोरी, लाल आणि करडी, शेळी विकून घेतलेली. आणि ती उघड्यावर पडली होती, लोकांच्या भरवशावर.

केरबानं पहार काढली.

दुपार टळली. हलगी वाजली, सनई वाजली. आळीच्या तोंडाशी पालखी आली आणि वळली नाही. सरळ आत शिरली. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. गोदाक्कानं औक्षण केलं. सूनबाईनं केलं. पुढे अप्पासाहेब, डोक्याला फेटा. मागे देवी. तिच्या मागे सगुणा, पायांत चप्पल नाही, भान नाही. पुढचं दार तिचं.

आणि पालखी थांबली.

केरबाच्या घराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रस्ता नव्हता. गोदामाच्या भिंतीपर्यंत नव्हता. नुसता खड्डा होता, त्यात ओली वाळू. त्याच्या पलीकडे रस्ता पुन्हा सुरू होत होता, लाल ओळ, करडी ओळ.

"रस्ता कुठाय?" अप्पासाहेबांनी विचारलं.

केरबा ओट्यावर हात जोडून उभा होता. अंगभर वाळू. "आत ठेवलाय," म्हणाला. "बाहेर लोक तुडवत होते."

हलगीवाल्यानं हलगी काखेत धरली. सगळे शिदू गुरवाकडे बघू लागले.

गुरव म्हणाला, "पालखी मागं फिरत नाही, ही रीत आहे. आणि भोयांनी खड्ड्यात पाय घालायचा नाही. जिथं वाट संपली तिथं मुक्काम."

"मुक्काम म्हणजे? माझ्या मांडवात पाहुणे बसलेत," अप्पासाहेब म्हणाले.

"त्यांना चहा पाजा," गुरव म्हणाला.

भोयांनी पालखी ओट्यावर घेतली. ओट्यावरून माजघरात. आत मात्र रस्ता चांगला होता. ओळीला ओळ लागलेली, कुठं उंचसखल नाही, पत्रावळी लावणारा हात होता तो. देवी त्याच्यावर बसली.

देवी क्षणभर दारी यावी, एवढंच सगुणेनं मागितलं होतं. देवी माजघरात येऊन बसली होती. सगुणेनं ताट घेतलं, ज्योत लावली. तिनं औक्षण केलं, ओटी भरली. नवऱ्याला काहीही विचारलं नाही. विचारायला पुढे जन्म पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पासाहेब आले. बरोबर तावरे भाऊसाहेब.

"अरे माणसा, रस्ता कुणी घरात नेतं का?"

"मोल दिलेली वस्तू घरात नेऊन ठेवायची, भाऊसाहेबच म्हणाले."

"ते मी पावतीबद्दल म्हणालो होतो," तावरे म्हणाले.

"आणि रस्ता तुमचा आहे, असं अप्पासाहेब म्हणाले."

"ते मी भाषणात म्हणालो होतो," अप्पासाहेब म्हणाले. "हे ब्लॉक उचला आणि आधी बाहेर लावा."

"तसं होणार नाही," शिदू गुरव म्हणाला. "देवी बसलीय त्यांच्यावर. ती उठल्याशिवाय तिच्या आसनाला हात लावायचा नाही."

"मग उठवा तिला."

"वाट झाल्याशिवाय ती उठत नाही."

अप्पासाहेबांनी फेटा सारखा केला. "तावरे, नवे ब्लॉक टाका. आकार ह्याच्याच नावावर."

तावऱ्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली, खाकरले. "एका घराकडून एकदा आकार घेतला की तीन वर्षं दुसरा घेता येत नाही, साहेब. समोरच्या बाजूकडून घेता येतो."

"समोर गोदाम आहे. त्याला दार नाही."

"दार नाही, पण भिंत आहे, साहेब."

अप्पासाहेबांनी भिंतीकडे बघितलं. पहिल्यांदाच इतकं नीट बघितलं. आळीतल्या बायका ओट्यांवर उभ्या राहून तेच बघत होत्या. तिकडे मांडवात बुंदी कडक होत चालली होती.

"टाका माझ्या नावावर," ते म्हणाले. मग केरबाकडे वळले. "आणि तू ऐक. तुझ्यापायी रस्ता अर्धा राहिला आणि सगळ्या गावात शोभा झाली. हातात घेतलेलं काम अर्धवट ठेवू नये. शेवटास न्यावं. डोक्यात गेलं का?"

"गेलं," केरबा म्हणाला. मान डोलावली. गोष्ट मनात पक्की धरली.

नवे ब्लॉक आले. गवंड्यांनी दुपारपर्यंत लाल ओळ, करडी ओळ, सगळं भरून काढलं. खड्डा होता की नव्हता, असं झालं. देवी निघायच्या आधी सगुणेनं परसात मोठी चूल मांडून महाप्रसाद केला होता. कण्या, आमटी, गुळाची लापशी. पत्रावळी घरच्याच. गवंडी बसले, भोई बसले, तावरे बसले, अप्पासाहेबही फेटा काढून बसले. आळीतल्या बायका वाढत होत्या. केरबानं मिठाचा एक फेरा घातला आणि मग तो कुणाला दिसला नाही.

"माणूस भोळा आहे, पण लापशी झकास," अप्पासाहेब म्हणाले आणि आणखी वाढून घेतली.

हात धुऊन झाले. हलगीवर थाप पडली. सनईवाल्यानं सूर धरला. भोयांनी पालखी खांद्यावर घेतली. सगुणेनं शेवटचा नमस्कार केला आणि पदरानं डोळे टिपले. एक मुक्काम झाला, आणखी काय हवं होतं? अप्पासाहेबांनी फेटा चढवला आणि पुढे होऊन स्वतःच्या हातांनी दार उघडलं.

दारापुढे खड्डा होता. ओली वाळू होती.

हलगी थांबली. सनई एकटीच थोडी पुढे गेली आणि मग तीही थांबली.

घराच्या बाजूच्या बोळातून केरबा आला. हाताला वाळू, कपाळाला घाम, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"आता काय केलंस?" अप्पासाहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"शेवटास नेलं," केरबा म्हणाला. "माजघराचं झालं होतं आणि स्वयंपाकघर अर्धवट राहिलं होतं. तुम्हीच म्हणालात, अर्धवट ठेवू नये."

शिदू गुरवानं भोयांना खूण केली. पालखी जिथं होती तिथं खाली बसली. सगुणेनं एकदा देवीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि रात्रीच्या पंगतीचा तांदूळ निवडायला परसात गेली. जाताना तिला हसू आवरत नव्हतं.

तावरे भाऊसाहेबांनी पिशवीतून पुन्हा कागद काढला आणि अप्पासाहेबांकडे बघितलं. अप्पासाहेब भिंतीकडे बघत होते.

तेवढ्यात केरबा तावऱ्यांजवळ गेला आणि कुणाला त्रास नको म्हणून कानाशी लागून म्हणाला, "भाऊसाहेब, ह्या खेपेला दोन ओळी जास्तीच्या घालायला सांगा. ओसरीला कमी पडतील."